एका हातचें पुस्तक

पुस्तक म्हटलें म्हणजे तें अनेक हातांतून गेलेलें असावयाचें, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली आहे कीं, तिचा कोणी फारसा विचारहि करीत नाहीं. लेखकानें लिहावें, जुळाऱ्यानें खिळे जुळवावे, चित्रकारानें चित्रें काढावीं, ठसे करणाऱ्यानें त्यांचे ठसे करावे, छापखान्यानें छापावें, बांधणाऱ्यानें शिवावें आणि प्रकाशकानें तें दुकानांत मांडावें. या साऱ्या मंडळींपैकीं संबंध पुस्तक असें कोणीच केलेलें नसतें. लेखक मोठ्या अभिमानानें ‘माझें पुस्तक’ म्हणतो खरा. पण त्याच्या हाताचा म्हणून एक वळसाहि त्या पानावर उमटलेला नसतो.

जुन्या पोथीची गोष्ट थोडी निराळी होती. पोथी लिहिणारा आपला बोरू आपणच तासून घेई, शाई घोटी, समास आंखी, दंड आणि अध्यायाची समाप्ति हिंगुळानें लिही, आणि अक्षर चुकलें तर त्यावर हरताळ फाशी. ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार मराठीला त्याच धंद्यानें दिला. परंतु पोथी लिहिणारा हा लेखनिक. मजकूर व्यासांचा किंवा ज्ञानेश्वरांचा. काव्यहि त्याचें, अक्षरहि त्याचें, चित्रहि त्याचें आणि छाप काढणारा हातहि त्याचाच, असें पुस्तक कोणी केलें आहे काय? अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील एका गरीब खोदकामगारानें तें केलें, आणि मरेपर्यंत तो तें करीत राहिला. त्याचें नांव विल्यम ब्लेक.

सचित्र पुस्तक वेगळें आणि ब्लेकचें पुस्तक वेगळें, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. सचित्र पुस्तकांतून चित्रें वगळलीं तरी पुस्तक उरतें; थोडें ओकें दिसेल इतकेंच. ब्लेकच्या पानावरून चित्र वगळावयाचें म्हटलें तर कात्री कोठें लावावी हेंच कळत नाहीं. कवितेच्या एका अक्षराची शेपटी लांबते आणि तिची वेल होते; वेल वर चढते आणि दोन ओळींच्या मध्यें तिला पान फुटतें; त्या पानाआड एक चिमुकलें माणूस उभें असतें. येथें पुस्तक हें काव्याचें वाहन राहिलेलें नाहीं. पुस्तक हीच कृति झालेली आहे. पाश्चात्य देशांत पुढें ‘कलावंताचें पुस्तक’ म्हणून जो एक स्वतंत्र कलाप्रकार मानला जाऊं लागला, त्याची वंशावळ लिहिणारे बहुतेक सारे ब्लेकपासून आरंभ करतात, तो याच कारणानें.

ब्लेकचा जन्म २८ नोव्हेंबर १७५७ रोजीं लंडनमध्यें झाला. बापाचें मोजे विकण्याचें दुकान होतें. मुलाचा चित्रकलेकडे ओढा पाहून बापानें १७७२ सालीं त्याला जेम्स बसायर नांवाच्या खोदकामगाराच्या हाताखालीं सात वर्षें उमेदवारीस ठेवलें, आणि त्यासाठीं ५२ पौंड १० शिलिंग मोजले. बसायर हा जुन्या वळणाचा, प्राचीन वस्तूंचीं चित्रें खोदणारा कसबी माणूस. त्यानें या पोराला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्यें राजेराण्यांच्या समाधींचीं चित्रें काढावयास पाठविलें. त्या थंड दगडी वास्तूंत जीं रेखीव, दीर्घ, निश्चल शरीरें ब्लेकनें पाहिलीं, तीं त्याच्या चित्रांतून पुढें कधींहि गेलीं नाहींत.

ब्लेकनें जें केलें तें कां अवघड होतें, हें समजण्यासाठीं त्या काळच्या धंद्याची एक साधी गोष्ट ध्यानांत घ्यावी लागते. खिळ्याचें अक्षर हें उठावाचें असतें. शाई त्याच्या माथ्यावर लागते आणि माथ्याचा छाप कागदावर उमटतो. तांब्याच्या पत्र्यावरील खोदकामाची रीत नेमकी उलट. तेथें रेघ खोल असते. शाई त्या खांचेंत भरावयाची, वरचा पृष्ठभाग पुसून लखलखीत करावयाचा, आणि ओलसर कागद वर ठेवून पत्रा दोन जड रुळांमधून काढावयाचा, म्हणजे खांचेंतील शाई कागद ओढून घेतो. म्हणून मजकूर छापावयाचा एका यंत्रावर आणि चित्र छापावयाचें दुसऱ्याच यंत्रावर. पुष्कळदां दुसऱ्याच कारखान्यांत. एका पानावर दोन्ही हवीं असतील तर तो कागद दोनदां छापावा लागे, व खर्च वाढे. काव्य आणि चित्र यांच्यामधली भिंत ही रसिकांच्या मनांतली नव्हती. ती लोखंडाची आणि लांकडाची होती.

ही भिंत पाडावी असें ब्लेकच्या मनांत फार लवकर आलें असावें. सुमारें १७८४ सालीं त्यानें एक थट्टेचें लेखन केलें होतें. तें त्याच्या हयातींत छापलें गेलें नाहीं. त्यांत एक पात्र मोठ्या ऐटीनें आपला बेत सांगतें: सारा मजकूर खिळ्यांनीं न छापतां तांब्यावर खोदावयाचा, पानाआड पान उत्तम चित्र घालावयाचें, तीन जाडजूड खंड करावयाचे, प्रत्येकीं शंभर पौंड किंमत ठेवावयाची आणि दोन हजार प्रती काढावयाच्या! थट्टेची ही योजना चार वर्षांत त्यानें स्वतःच अमलांत आणली. खंड मात्र जाडजूड नव्हते, आणि दोन हजार हा आंकडा तर त्याच्या स्वप्नांतहि पुन्हां आला नसेल.

१७८७ च्या फेब्रुवारींत त्याचा लाडका धाकटा भाऊ रॉबर्ट वारला. ब्लेक सांगे कीं, या मृत भावानें एके रात्रीं दर्शन देऊन आपणांस नव्या छपाईची युक्ति शिकविली. ब्लेकला लहानपणापासून झाडांवर देवदूत दिसत असत, तेव्हां त्याच्या दृष्टीनें यांत नवल कांहींच नव्हतें. त्याचा चरित्रकार अलेक्झांडर गिलख्रिस्ट यानें याला एक जोडगोष्ट दिली आहे: दुसऱ्या दिवशीं सकाळीं ब्लेकची बायको घरांत होता नव्हता तो अर्धा क्राउन घेऊन बाहेर पडली, आणि त्यांतले १ शिलिंग १० पेन्स खर्चून तिनें लागणारें सामान आणलें. दर्शनाची गोष्ट ज्याला पटेल त्याला पटो. सामानाच्या हिशेबावर अविश्वास ठेवण्याचें मात्र कारण दिसत नाहीं.

युक्ति अशी होती. ज्या रोगणाला तेजाब खात नाहीं, तें रोगण शाईसारखें वापरून ब्लेक तांब्याच्या कोऱ्या पत्र्यावर कविता लिही आणि त्याच लेखणीनें व कुंचल्यानें भोंवतीं चित्र काढी. छाप उलटा उमटतो म्हणून लिहावयाचें तें आरशांत दिसावें तसें उलटें. ही विद्या त्याला खोदकामाच्या उमेदवारींतच हस्तगत झालेली होती. मग पत्र्याच्या कडेनें मेणाची पाळ घालून आंत तेजाब ओतावयाचें. उघडें तांबें तेजाब खाऊन टाकी, आणि रोगणाखालचें अक्षर व चित्र तेवढें उंच उरे. उंच म्हणजे तरी किती? जाड कागदाच्या जाडीइतकें. एवढ्याशा उठावावर शाई अलगद थापटावी लागे. खोलगट भागावर डाग पडत ते फडक्यानें पुसावे लागत, आणि पत्रा रुळांमधून काढतांना दाब नेहमींपेक्षां हलका ठेवावा लागे. छाप काळा नसे. आरंभींच्या प्रती बहुधा तपकिरी किंवा हिरवट शाईंत निघत. शेवटीं प्रत्येक पानावर जलरंग भरावयाचे.

आतां अक्षर आणि चित्र हीं एकाच पत्र्यावर, एकाच उंचीवर, एकाच वेळीं, एकाच हातानें झालीं. भिंत पडली.

१७८८ सालीं दोन लहानशा प्रयोगपुस्तिका निघाल्या. १७८९ सालीं ‘निष्पापतेचीं गीतें’ हें पुस्तक निघालें. त्याचा पत्रा सुमारें साडेचार इंच लांब व पावणेतीन इंच रुंद; म्हणजे तळहातावर मावेल एवढें पान. शीर्षकपृष्ठावर झाडाखालीं एक स्त्री बसली आहे, तिच्या मांडीवर उघडें पुस्तक आहे आणि दोन मुलें त्यांत डोकावत आहेत. वर शीर्षकाचीं अक्षरें आहेत कीं फांद्या, हा प्रश्नच पडतो. वाचणारें मूल, वाचावयाचें पुस्तक आणि अक्षरांचें झाड हीं तिन्ही एका चित्रांत आणून ब्लेकनें पहिल्याच पानावर सांगून टाकलें कीं, येथें वाचणें आणि पाहणें हीं दोन कामें नव्हेत.

पांच वर्षांनीं, १७९४ सालीं, ‘अनुभवाचीं गीतें’ तयार झालीं आणि दोन्ही मिळून ५४ पानांचें एक पुस्तक झालें. तांबें महाग, घरांत पैसा थोडा. म्हणून अनुभवाच्या गीतांचे बहुतेक पत्रे वेगळे घेतलेच नाहींत. निष्पापतेच्या पत्र्यांच्या पाठीवरच तीं खोदलीं. एकाच तांब्याच्या एका अंगाला कोंकरूं आणि पाळणा, दुसऱ्या अंगाला वाघ आणि गांजलेलें शहर! टीकाकारांनीं या दोन काव्यसंग्रहांच्या संबंधावर ग्रंथ लिहिले आहेत. काटकसरीनें जी उपमा आपोआप सिद्ध केली तिच्याहून अधिक समर्पक त्यांपैकीं कोणाला सुचलेली दिसत नाहीं.

ही कामगिरी १७९० पासून पुढें दहा वर्षें लॅम्बेथ या लंडनच्या भागांतील एका घरांत चालली. येथें ‘एका हातचें’ या शब्दाला थोडी मुरड घालणें न्यायाचें होईल. १८ ऑगस्ट १७८२ रोजीं ब्लेकशीं लग्न करतांना कॅथरिन बाउचरनें वहींत सहीऐवजीं फुली केली होती. पुढें ती नवऱ्यापाशीं लिहावयास वाचावयास शिकली. मग छाप काढावयास शिकली, रंग भरावयास शिकली, आणि पानें शिवून त्यांना कागदी वेष्टण घालण्याचें कामहि तिच्याकडे आलें. अमुक पानावरील रंग नवऱ्याचा कीं बायकोचा, याविषयीं आजहि जाणत्यांत मतभेद होतात. कोष्ट्याच्या किंवा कुंभाराच्या घरीं जसें साऱ्या घराचें हात कामांत असतात, तसें हें घर होतें. पुस्तकावर नांव मात्र एकाचेंच लागलें.

हा उद्योग ब्लेकनें आरंभिला तो धनिकांच्या कपाटांसाठीं नव्हे, ही गोष्ट पुष्कळदां विसरली जाते. १० ऑक्टोबर १७९३ रोजीं त्यानें एक जाहीर पत्रक काढलें. कवि, चित्रकार व गायक यांच्या वांट्याला दारिद्र्य आणि अज्ञातवास येतो, याचें कारण आपली कृति लोकांपर्यंत नेण्याचें साधन त्यांच्या स्वतःच्या हातीं नसतें. शेक्सपिअर आणि मिल्टन यांनाहि आपले ग्रंथ आपण छापतां आले नाहींत. आतां मात्र असें साधन सांपडलें असून त्याचा खर्च नेहमींच्या रीतीच्या चौथाईहूनहि कमी आहे. असा त्याचा आशय. खालीं किंमती दिल्या होत्या. ‘निष्पापतेचीं गीतें’ ५ शिलिंग, ‘अनुभवाचीं गीतें’ ५ शिलिंग, ‘अमेरिका’ हें मोठ्या आकाराचें काव्य साडेदहा शिलिंग. प्रकाशकाची मनधरणी नको, छापखान्याचें बिल नको, कोणाची कात्री नको. कवि आणि वाचक यांच्यामध्यें फक्त तांब्याचा एक पत्रा. फ्रान्समध्यें राजाचें डोकें उडालें होतें आणि इंग्लंडांत सरकार छापखान्यांवर नजर ठेवून होतें, अशा वर्षीं या स्वातंत्र्याची किंमत कवीला किती वाटली असेल, हें सांगावयास नको. फ्रेंच राज्यक्रांतीवरील त्याचें काव्य १७९१ सालीं एका प्रकाशकाकडे खिळ्यांनीं जुळून तयार झालें होतें. तें मुद्रितांच्या अवस्थेंतच राहिलें, बाहेर पडलें नाहीं.

मग झालें काय? हिशेब चुकला. पैशाचा खर्च चौथाई झाला, पण वेळाचा खर्च कवीनें धरलाच नव्हता. छापखान्यांतील दोन माणसें एका दिवसांत शेंकडों कागद सहज छापून काढीत. ब्लेकच्या घरीं एकेका पानाला शाई लावणें, पुसणें, दाबणें, वाळविणें आणि मग रंगविणें. एक काळ असा समज होता कीं, गिऱ्हाईक आलें म्हणजे तो एकेक प्रत काढून देई. जोसेफ व्हिस्कोमी या अमेरिकन अभ्यासकानें १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत कागद, शाई व छाप यांची बारीक तपासणी करून दाखविलें कीं, तसें नव्हतें. ब्लेक बेताच्या संख्येनें प्रती एकदम काढून ठेवी आणि मग वर्षानुवर्षें त्या विकी. म्हणजे प्रयत्न प्रकाशकासारखा होता, गिऱ्हाईकच नव्हतें. दोन्ही गीतसंग्रहांच्या एकत्र अशा प्रती त्याच्या सबंध आयुष्यांत दोन डझनांच्या आसपासच निघाल्या.

आणि किंमत चढत गेली. १८१८ सालीं एका चाहत्याला पाठविलेल्या यादींत प्रत्येक गीतसंग्रहाला ३ पौंड ३ शिलिंग पडले आहेत. मरणापूर्वीं चार महिने, एप्रिल १८२७ मध्यें, जुन्या मित्राला लिहिलेल्या पत्रांत दोन्ही संग्रह मिळून १० पौंड १० शिलिंग सांगितले आहेत. चौतीस वर्षांपूर्वीं तेच दहा शिलिंगांत मिळत होते. एकवीसपट वाढ झाली, ती लोभामुळें नव्हे. पुष्कळ वाचक मिळण्याची आशा संपल्यावर जे थोडे घेणारे उरले, त्यांच्यासाठीं तो प्रत्येक प्रत अधिकाधिक सजवूं लागला. उत्तरकाळच्या प्रतींत पानाच्या एकाच अंगाला छाप आहे, भोंवतीं रेघांची चौकट आहे आणि रंगांत सोन्याचा वर्ख चमकतो. पुस्तक दागिन्याकडे झुकलें. सामान्य माणसाच्या खिशाला परवडावें म्हणून काढलेली वस्तु ज्यांना दागिने परवडतात त्यांचीच झाली.

याचा परिणाम काव्यावर काय झाला, त्याचा एक पुरावा फार बोलका आहे. कोलरिजनें ‘गीतें’ वाचलीं तीं १८१८ सालीं, दुसऱ्याची प्रत उसनी आणून. चार्ल्स लॅम् हा लंडनचाच, पुस्तकांचा किडा. १८२४ च्या मे महिन्यांत एका मित्राला लिहितांना तो म्हणतो कीं, वाघावरची कविता आपण कोणीतरी म्हटलेली ऐकली आहे, पुस्तक पाहिलेलें नाहीं, आणि हा ब्लेक कोठें गेला, वेड्यांच्या इस्पितळांत कीं आणखी कोठें, हेंहि आपणांस ठाऊक नाहीं. ब्लेक तेव्हां त्याच लंडनमध्यें, स्ट्रँडनजीक दोन खोल्यांत काम करीत बसला होता! त्याच वर्षीं धुराडीं साफ करणाऱ्या पोरांच्या हलाखीवर एक संग्रह निघाला. त्यांत लॅम्‌च्या खटपटीनें ब्लेकची त्या पोरांवरील कविता छापली गेली: साध्या खिळ्यांनीं, चित्रावांचून, रंगावांचून. ज्या वाचकांसाठीं ती पस्तीस वर्षांपूर्वीं लिहिली होती, त्यांच्यापर्यंत ती अखेर त्याच वाटेनें पोंचली, जी ब्लेकला नको होती.

जुन्या वाटेनें त्याला सुख दिलें होतें असेंहि नाहीं. १८०५ सालीं रॉबर्ट क्रोमेक या व्यापाऱ्यानें ‘थडगें’ नांवाच्या एका काव्यासाठीं ब्लेककडून चित्रें काढवून घेतलीं. खोदकामहि त्याच्याकडेच राहणार होतें. खरा पैसा खोदकामांतच मिळे. पण ब्लेकचा नमुना क्रोमेकला ओबडधोबड वाटला, आणि काम लुइजी स्कियाव्होनेटी या गुळगुळीत हाताच्या कारागिराकडे गेलें. १८०८ सालीं पुस्तक निघालें तें त्याच्या खोदकामासह, आणि तें खपलें. ब्लेकचें नांव त्याच्या हयातींत सर्वांत दूरवर गेलें तें या पुस्तकामुळें, ज्यांत त्याचा स्वतःचा हात नव्हता.

या अपमानानंतर १८०९ सालीं त्यानें भावाच्या दुकानाच्या माडीवर आपल्या १६ चित्रांचें प्रदर्शन मांडलें आणि त्याची वर्णनात्मक यादी छापली. त्या यादींतील दहावें चित्र मराठी माणसानें कान टवकारावे असें आहे. त्याचें नांव ‘ब्राह्मण’, आणि विषय भगवद्गीतेचें भाषांतर करीत असलेले विल्किन्ससाहेब! चार्ल्स विल्किन्स यांचें गीतेचें इंग्रजी भाषांतर १७८५ सालीं लंडनला निघालें होतें. तें वाचून ब्लेकला हें चित्र सुचलें. चित्रांतील पेहराव बरोबर नाहीं हें आपणांस समजतें, अशी कबुलीहि त्यानें यादींत दिली आहे, आणि वर समर्थन असें केलें आहे कीं, प्राचीन शिल्पकारांनीं पुरोहित लाओकोऑनला नागवाच दाखविला होता! ब्राह्मणांना त्यानें काय नेसविलें होतें तें कळावयास आतां मार्ग नाहीं. चित्र हरवलें आहे.

विल्किन्स हा नुसता भाषांतरकार नव्हता, हेंहि येथें सांगण्याजोगें आहे. बंगालींत त्यानें छपाईचे खिळे पाडले होते, आणि पुढें इंग्लंडांत परतल्यावर १७९५ च्या सुमारास पोलादावर देवनागरी अक्षरें स्वतः कोरून, सांचे करून, खिळे स्वतःच्या हातानें ओतले होते. ब्लेकला तें ठाऊक होतें कीं नाहीं कोण जाणे; पण चित्रासाठीं माणूस त्यानें आपल्या बिरादरींतला निवडला होता. आणि योगायोग असा कीं, त्याच सुमारास इकडे महाराष्ट्रांतहि गीता तांब्यावर चढत होती. नाना फडणविसांच्या उत्तेजनानें पुण्यांत आरंभ झालेला हा उद्योग १८०० सालीं नाना वारल्यावर मिरजेस गेला, आणि तेथें गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयानें तांबटानें कोरलेल्या पत्र्यांवरून १८०५ सालीं संबंध भगवद्गीता छापली गेली. तिच्यांत अक्षरांचें वळण पोथीचेंच आहे. खिळ्याच्या तुकड्यांत पोथीची ओळ फोडण्याऐवजीं पान सबंध ठेवावयाचें, ही बुद्धि मिरजेच्या तांबटाला आणि लंडनच्या कवीला एकमेकांची वार्ताहि नसतांना झाली.

प्रदर्शन फसलें. एका वृत्तपत्रानें ब्लेकला सरळ वेडा ठरविलें. पुढचीं कांहीं वर्षें अगदीं अंधारांतलीं आहेत. या काळांत, आणि त्याहि आधींपासून, तो ‘जेरुसलेम’ या शंभर पानांच्या महाकाव्याचे पत्रे एकामागून एक करीत होता. शीर्षकपृष्ठावर १८०४ हें साल आहे. पूर्ण प्रती निघाल्या त्या १८२० च्या सुमारास. पैकीं एकच प्रत त्यानें सबंध रंगविली. १८२७ च्या त्याच पत्रांत तो लिहितो कीं, अशी एक प्रत करावयाची तर वीस गिनींइतका वेळ मोडतो. एक तयार आहे, पण तिला गिऱ्हाईक मिळण्याचा संभव दिसत नाहीं. मिळालें नाहींच. १२ ऑगस्ट १८२७ रोजीं ब्लेक वारला तेव्हां ती प्रत घरांतच होती. आज ती अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या संग्रहालयांत आहे.

कॅथरिन आणखी चार वर्षें जगली. नवऱ्याचीं चित्रें व पुस्तकें विकून तिनें गुजराण केली. १८३१ सालीं ती वारल्यावर पत्रे फ्रेडरिक टॅथम नांवाच्या तरुण शिल्पकाराकडे गेले. त्यानें कांहीं प्रती छापल्या. कागदांत १८३१ आणि १८३२ सालांचे पाणछाप दिसतात म्हणूनच त्या ओळखतां येतात असें नव्हे. जड शाईचे, रंगाविना ते छाप पाहतांच कळतें कीं, पत्रे तेच आहेत, हात गेला आहे. पुढें पत्रेहि गेले. मोडीच्या भावानें तांबें म्हणून खपले असावेत. ‘अमेरिका’ काव्याच्या एका रद्द केलेल्या पत्र्याचा तुकडा तेवढा शिल्लक आहे, आणि तो वॉशिंग्टन येथें जपून ठेवलेला आहे. तेजाबानें तांबें किती खोल खाल्लें होतें, हें मोजतां आलें तें या तुकड्यामुळें.

१८६३ सालीं गिलख्रिस्टचें चरित्र निघालें आणि ब्लेक पुन्हां लोकांसमोर आला. तेथून पुढची कथा लांब असली तरी तिचा हिशेब ओळखीचाच आहे. विल्यम मॉरिस हा कवि, कारागीर आणि कट्टर समाजवादी. यंत्रानें कामगाराचा आनंद हिरावला म्हणून त्यानें १८९१ सालीं लंडननजीक केल्मस्कॉट छापखाना काढला. खिळ्यांचें वळण त्याचें, चौकटी त्याच्या, कागद हातानें केलेला. १८९६ चा त्याचा चॉसर कवीचा ग्रंथ, बर्न-जोन्सच्या ८७ चित्रांसह, छापील पुस्तकांचा मुकुटमणि मानतात. प्रती ४२५, किंमत २० पौंड! श्रमिकांच्या बाजूनें चौकाचौकांत भाषणें करणाऱ्या माणसाचें पुस्तक एकाहि श्रमिकाला घेतां येण्याजोगें नव्हतें. पॅरिसला चित्रांचे व्यापारी या धंद्यांत पडले आणि मोठमोठ्या चित्रकारांचीं पुस्तकें निघूं लागलीं. त्यांतलें मातीसचें १९४७ सालचें ‘जॅझ’ ब्लेकच्या सर्वांत जवळचें, कारण कात्रीनें कापलेल्या रंगीत आकृतींशेजारीं मातीसनें आपलें टिपण मोठाल्या अक्षरांत स्वतः लिहिलें होतें. त्याच्याहि प्रती अडीचशेंच्या घरांत.

उलट टोंकाला १९६३ सालीं लॉस एंजेलिसच्या एड रुशे या तरुणानें हात लावावयाचाच नाहीं असें ठरविलें. ओक्लाहोमाच्या वाटेवरील सव्वीस पेट्रोलपंपांचीं साधीं छायाचित्रें, साधा कागद, यंत्राची छपाई, ४०० प्रती. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें हें पुस्तक ठेवून घेण्याचें नाकारलें. रुशेनें तो नकारच जाहिरात म्हणून छापला. पुढें १९६७ आणि १९६९ सालीं त्यानें आणखी आवृत्त्या काढल्या, शेवटची ३००० प्रतींची, एवढ्याचसाठीं कीं, पहिल्या प्रतींना दुर्मिळपणाचा भाव येऊं नये. भाव आलाच. आज ती पहिली आवृत्ति संग्रहालयांत कांचेखालीं, एका पानावर उघडी करून ठेवलेली असते.

ब्लेकच्या पुस्तकांचें तसेंच झालें होतें. निरनिराळ्या प्रती निरनिराळ्या देशांत, हातमोजे घातलेल्या रक्षकांच्या स्वाधीन. १९९६ सालीं व्हिस्कोमी, मॉरिस ईव्ह्ज आणि रॉबर्ट एसिक या तिघां अभ्यासकांनीं त्या प्रतींचीं पानन्‌ पान छायाचित्रें एकत्र करून संगणकाच्या जाळ्यावर सर्वांना विनामूल्य पाहतां येतील अशीं ठेवण्यास आरंभ केला. एकाच पानाच्या अनेक प्रती तेथें शेजारीं शेजारीं लावून पाहतां येतात. ब्लेकलाहि तें कधीं साधलें नव्हतें, कारण विकली गेलेली प्रत त्याच्यापाशीं राहत नसे. वाघाचें पान असें लावून पाहिलें म्हणजे दिसतें कीं, दोन प्रतींतला वाघ एका रंगाचा नाहीं, आणि कवितेंत ज्याच्या नांवानें थरकांप व्हावा तो चित्रांत बहुतेक ठिकाणीं घरच्या मांजरासारखा शांत उभा आहे.